पाटील, नाईक वगैरे

हिंगोलीत जपानी येणारा माणूस मी एकटाच. ही बढाई नव्हे, कारण बढाई मारायला निदान एखादा प्रतिस्पर्धी तरी लागतो. माझं जपानी चुकलं हे सांगू शकेल असा माणूस पूर्णेपासून वाशीमपर्यंत सापडायचा नाही, त्यामुळे ते आजतागायत बिनचूक राहिलं आहे. जपानशी लढाई चालू होती तेव्हा पोलिसांनी मला एकदा बोलावून घेतलं, एक चादर समोर टाकली आणि तिच्या कोपऱ्यातला जपानी मजकूर वाचायला सांगितलं. मी चादर उलटीसुलटी करून पाहिली आणि ती धोब्याची खूण असल्याचं सांगितलं. तरी जमादाराने धोब्याला आणवलंच. एवढा एक प्रसंग सोडला तर माझ्या विद्येचा सरकारला काही उपयोग झाला नाही.

ती विद्या मला मिळाली कापसामुळे. लढाईच्या आधी आपल्याकडचा कापूस जपानला जात असे. तो बघून घ्यायला मुंबईच्या एका जपानी पेढीने हिरानो नावाचे साहेब इथे पाठवले होते. स्टेशनाजवळच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, त्यांनी दोन खोल्या घेतल्या होत्या. गाव त्यांना हिरासाहेब म्हणायचं. मी बावीस वर्षांचा, मिडल पास, उर्दू लिहिणारा आणि इंग्रजी तोंडओळखीपुरती येणारा. त्यांचा मुनशी झालो. त्यांची हिंदी मोडकी आणि माझी इंग्रजी लंगडी, तेव्हा मला जपानी शिकवलेलं जास्त सोपं पडेल असं साहेबांनीच ठरवलं. दुपारच्या सुट्टीत ते डबा खाता खाता शिकवत. आमच्या दोघांचं जे काही बोलणं होई त्यात तीन भाषांची खिचडी असे. इथे ते मी सरळ मराठीत लिहितो.

कामाबद्दल थोडं सांगतो. शेतकरी कापसाची गाडी आवारात आणून उभी करतो. आपण त्या ढिगात खांद्यापर्यंत हात घालायचा आणि आतून मूठभर कापूस काढायचा. वरचा कापूस नेहमीच चांगला असतो. तो चांगला असतो म्हणूनच वर ठेवलेला असतो. मग सरकी बाजूला करून धागा दोन चिमटींत धरायचा, हळू ओढायचा आणि त्याची लांबी बघायची. कापूस गालाला लावायचा, कारण ओल हाताला फसवते पण गालाला फसवत नाही. किडका, पिवळा कापूस किती आहे ते उजेडात बघायचं. साहेब हे सगळं पूजा केल्यासारखं गप्प राहून करत आणि शेवटी एकच वाक्य बोलत: "हा या इशी नादो."

'हा' म्हणजे पान, 'इशी' म्हणजे दगड. पाला, दगड वगैरे आहे, असा त्याचा अर्थ. जपानीतलं मी शिकलेलं हे पहिलं वळण. दोन वस्तूंची नावं घ्यायची, मध्ये 'या' घालायचा आणि शेवटी 'नादो' म्हणायचं. त्या दोन वस्तू नुसत्या मासल्याच्या. त्याच जातीचं बाकी जे काय असेल ते ऐकणाऱ्याने ओळखायचं. यादी पुरी सांगून संपवायची असेल तर 'या' च्या जागी 'तो' म्हणायचं. आपल्या मराठी 'या' वरून जे विनोद होऊ शकतात ते आमच्या शिपायाने पहिल्याच आठवड्यात करून संपवले, मी पुन्हा करत नाही.

साहेबांना 'तो' आवडत नसे. ते म्हणत, "सगळं सांगत बसलं तर ऐकणाऱ्याला अक्कल नाही असं होतं. दोन सांगावीत आणि बाकीचं त्याच्यावर सोडावं. हा त्याचा मान आहे."

मला हे इतकं पटलं की मी घरीसुद्धा तसंच बोलू लागलो. एकदा जेवायला बसलो आणि बायकोला म्हणालो, "भात या वरण नादो वाढ." त्याचा अर्थही समजावून सांगितला. तिने ताटात भात वाढला, वरण वाढलं आणि पदराला हात पुसत ती उभी राहिली. भाजी कुठे आहे विचारलं तर म्हणाली, "ती तुमीच ओळखून घ्या."

तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण मी साहेबांकडून एक पाटी लिहवून घेतली आणि तिचं मराठी करून फाटकावर लावली: 'कापसात पाला, दगड वगैरे घालू नये.' चारच दिवसांनी डोंगरकड्याचे सखाराम अण्णा गाडी घेऊन आले. माणूस कष्टाळू, कापूस उत्तम, पण वादाची भारी हौस. त्यांच्या ढिगात हात घातला तर माझ्या हाताला चक्क एक विळा लागला.

"अण्णा, हे काय?"

"इळा हाय."

"तो दिसतोय. पाटी वाचली नाही का?"

"वाचूनच आत आलो. पाला घालू नये, दगड घालू नये. इळा पाल्यात येतो का दगडात येतो, तुमीच सांगा."

"वगैरेत येतो."

"वगैरेत काहून येतो? पाला रानात उगवतो, दगड रानात निघतो. माझा इळा लोहारानं घडवून देलेला हाय. त्याची आन् दगडाची जात एक कशी?"

मी साहेबांकडे गेलो. साहेबांनी विळा हातात घेतला, पाटीकडे पाहिलं, पुष्कळ विचार केला आणि अण्णांचं म्हणणं बरोबर असल्याचा निर्णय दिला. विळा अण्णांचाच होता, कापूस वेचताना हरवलेला. तो सापडल्याचा त्यांना आनंदच झाला होता. वाद त्यांनी वादासाठी घातला होता. जाताना मला म्हणाले, "मुनशीजी, वगैरे कोणाला म्हनू नका. लई तकलीफ देईल ते." हे मी ऐकलं आणि विसरून गेलो.

तिसऱ्या हंगामात साहेबांच्या मनात आलं की आपल्याकडे कापूस घालणाऱ्या शेतकऱ्यांना एकदा जेवू घालावं. अशी चाळीस-पन्नास घरं असतील, आसपासच्या गावांत आणि बंजाऱ्यांच्या तांड्यांत विखुरलेली. त्या सकाळी नर्सीचे बापूराव पाटील आणि जवळच्या तांड्याचे प्रमुख हरचंद नाईक येऊन गेले होते, म्हणून तेवढे दोघे साहेबांच्या डोळ्यांपुढे होते. त्यांनी मला मजकूर सांगितला: 'पाटीरु या नाइकु नादो' यांनी रविवारी दुपारी जेवायला यावं.

आता आपल्याकडे आवतनाची रीत काय असते ते मला माहीत नव्हतं असं नाही. आवतन घेऊन घरी जावं लागतं, अंगणात उभं राहावं लागतं आणि कर्त्या माणसाचं नाव घेऊन सांगावं लागतं. नाव घेतलं नाही तर माणूस सख्ख्या भावाच्या लग्नाला जात नाही, गोठ्यात बसून राहतो आणि पुढची वीस वर्षं ते बोलून दाखवतो. हे सगळं मला ठाऊक होतं. पण इतक्या गावांत पायपीट करायचा मला कंटाळा आला आणि माझ्या जपानीचा मला गर्वही झाला होता. त्या वाक्याचं इतकं नेमकं मराठी आपल्याशिवाय कोण करणार, असं मला वाटलं. मी गावोगाव दवंडी पिटवली: "पाटील, नाईक वगैरे मंडळींनी हिरासाहेबांकडं रविवारी जेवायला यावं हो."

रविवारी जिनाच्या आवारात मांडव घातला. आचाऱ्याने बुंदी पाडली, वांग्याची भाजी केली, भाताची दोन पातेली उतरवली. साहेब काळा कोट घालून फाटकात उभे राहिले. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. फाटकातून एक कुत्रं आत आलं, साहेबांना बघून थबकलं आणि परत गेलं. माणूस म्हणून कुणी फिरकलं नाही. शेवटी बुंदी जिनातल्या मजुरांना वाटली. ते तीन दिवस तीच खात होते.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हा लेख लिहायला बसलो नसतो. सोमवारी एकही गाडी आली नाही. मंगळवारी रस्त्यावरून गाड्यांची रांग गेली ती आमच्या फाटकासमोरून पुढे, दुसऱ्या जिनाकडे. सखाराम अण्णा सगळ्यात पुढे होते आणि मुद्दाम हळू हाकत होते. हंगाम अर्धा उलटला होता. आठवडाभरात मुंबईहून कागद आला: पंधरा दिवसांत कापूस सुरू झाला नाही तर हिंगोलीचं काम बंद करून साहेबांनी परत यावं. साहेबांनी तो कागद मला वाचून दाखवला, घडी केली आणि खिशात ठेवला. माझी नोकरी जाणार होती, पण त्यांची अब्रू जाणार होती आणि ती माझ्यामुळे.

चौकशी केली तेव्हा कळलं की सगळा मुलूख रुसला आहे. ज्यांची नावं घेतली नव्हती ते तर रुसले होतेच. "आमी वगैरे व्हय? हिरासाहेबाच्या घरी पाटील जेवनार, नाईक जेवनार आन् आमी वगैरे जेवनार?" असं सखाराम अण्णा बाजारात उभे राहून विचारत होते. पण ज्यांची नावं घेतली होती तेही रुसले होते. बापूराव पाटलांचं म्हणणं असं की, पाटील म्हणजे कोण पाटील? गावागावाला पाटील आहे. नाव घेतलं नाही, म्हणजे आपणही वगैरेतच. हरचंद नाईकांचं म्हणणं आणखी वेगळं होतं. मी तांड्यावर गेलो तेव्हा त्यांनी मला बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाले, "मुनशी, माजं नाव घेतलं, बराबर हाय. पर माज्या तांड्याचं न्हाई घेतलं. मी एकलाच जेवून काय करू?"

मी परत येऊन साहेबांना सगळं सांगितलं. माझी चूक सांगितली. मला वाटलं होतं ते चिडतील. ते खरोखरच गोंधळले.

"पण सगळ्यांना माहीत होतं ना, की ते त्यात आहेत?"

"माहीत होतं."

"मग?"

"माहीत असतं, तरी ऐकायचं असतं."

साहेबांनी टोपी काढून मेजावर ठेवली. मग म्हणाले, "नावं लिहून दे. सगळी. 'तो' घालून."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बैलांच्या दमणीत बसून आवतनाला निघालो. साहेब प्रत्येक अंगणात उतरत, जोडे काढत, कमरेत वाकत आणि नाव घेत. जपानी माणूस वाकतो तो पुरता वाकतो. तो वाकला की आपलं माणूस घाबरून आणखी खाली वाकतं, मग तो त्याहून खाली वाकतो. एका अंगणात साहेब आणि एक म्हातारा असे दोघे वाकत वाकत इतके खाली गेले की त्यांना हात देऊन उठवावं लागलं. तरी आवतन पोचलं. अशाने दिवसाला सात-आठ घरं व्हायची.

सखाराम अण्णांनी घरात असूनही बायकोकडून 'घरी नाहीत' म्हणून सांगवलं. साहेब अंगणात उभेच राहिले. "सखालामु," ते म्हणाले. दार बंदच. मी हळूच सांगितलं की बापाचं नावही घ्यावं लागेल. "सखालामु तुकालामु," साहेब म्हणाले आणि वाकले. आतून आवाज आला, "गावाचं नाव?" साहेबांनी 'डोंगरकडा' म्हणायचा तीन वेळा प्रयत्न केला. चौथ्या वेळी दार उघडलं. अण्णा बाहेर आले आणि म्हणाले, "येतो. पर एक बात हाय. दवंडी चारचौघांत पिटली, तर नावं बी चारचौघांत घ्या. जेवनाच्या आधी. पंगत बसल्यावर. एक बी सोडायचं न्हाई आन् कागद बघून घ्यायचं न्हाई. कागद बघून तर तलाठी बी नावं घेतो."

ही अट आमच्या आधी पुढच्या गावात पोचली आणि तिथून सगळीकडे. साहेब कबूल झाले. आवतनं संपल्यावर पंगतीला पाच दिवस उरले, त्या दिवसांत रिकाम्या आवारात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत येरझारा घालत ते नावं पाठ करत. मी मागून कागद घेऊन चालायचो आणि चुकलं की टोकायचो. माझी गुरुगिरीची हौस त्यात फिटली, हे लपवत नाही. 'ळ' आला की त्यांना घाम फुटे. दोघा भावांच्या नावांची सारखी अदलाबदल होई, तेव्हा मी एक मिशीवाला आणि एक बिनमिशीवाला अशी चित्रं काढून दिली.

पंगतीच्या दिवशी सगळे आले. भरलेल्या गाड्या घेऊन आले, पण गाड्या फाटकाबाहेर रांगेने उभ्या केल्या. आधी नावं, मग जेवण आणि मग गाड्या आत, असा त्यांचा ठराव होता. एक नाव राहिलं असतं तर ती सगळी रांग तशीच पुढे दुसऱ्या जिनाकडे गेली असती. पानं मांडली होती, बुंदी वाढली होती. कुणीही पानाला हात लावला नाही.

साहेब मांडवाच्या मधोमध उभे राहिले, वाकले आणि त्यांनी सुरुवात केली. ज्याचं नाव घेतलं जाई तो पानावरून उठून हात जोडे, "आलो जी" म्हणे आणि बसे. बापूराव पाटील आले जी. मिशीवाले आले जी, बिनमिशीवालेही आले जी. त्या बिनमिशीवाल्याने दोनच दिवसांपूर्वी मिशी राखायला सुरुवात केली होती आणि त्याला बघून साहेब क्षणभर डगमगले, पण निभावलं. तांड्यातल्या प्रत्येकाचं नाव आलं आणि शेवटी हरचंद नाईकांचं. सखाराम अण्णा मुद्दाम टोकाला बसले होते, की तिथवर येईस्तो साहेब विसरतील. साहेब विसरले नाहीत. "आलो जी," अण्णा नाइलाजाने म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. मी आचाऱ्याला खूण केली. तेवढ्यात अण्णा पुन्हा उठले.

"कापूस आमी आनला न्हाई, बैलांनी वढून आनला. बैलांची नावं?"

मांडवात मोठा हशा झाला, पण कुणी अण्णांना खाली बसवलं नाही, कारण बैलाची गोष्ट निघाल्यावर कोण नाही म्हणणार. बैलांची नावं साहेबांना येत नव्हती आणि मलाही येत नव्हती. साहेब सरळ फाटकाबाहेर गेले. पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत त्यांनी एकेका धन्याला बैलांची नावं विचारली, मोठ्याने म्हटली आणि त्या बैलांपुढेही वाकले. ढवळ्या, पवळ्या, सर्जा, राजा, पुन्हा सर्जा, पुन्हा राजा. बैलांनी शेपट्या हलवल्या आणि त्या हजेरीत धरल्या गेल्या. पाऊण तास गेला. भात पार निवला.

साहेब परत आले तेव्हा त्यांचा कोट घामाने पाठीला चिकटला होता. ते वाकले आणि जेवायला सुरुवात करा म्हणून हाताने सांगितलं. कुणी हात लावला नाही. हरचंद नाईक उठून उभे राहिले.

"मुनशी, साहेबाला इचारा, त्यांच्या घरचे कोन कोन?"

"कशाला?"

"आमच्या समद्यांची नावं घेतली. त्यांच्या मान्सांची कोनी घेतली न्हाई. मंग आमी कसं जेवावं?"

मी साहेबांना सांगितलं. तीन वर्षं मी त्यांच्याजवळ काम केलं होतं, रोज दुपारी त्यांच्यासमोर बसून डबा खाल्ला होता आणि एकदाही त्यांना हे विचारलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. साहेबांनी हलक्या आवाजात एक नाव घेतलं. "आई," मी मराठीत सांगितलं आणि ते नाव मोठ्याने म्हटलं.

नाव घेतल्यावर उत्तर यायला हवं आणि ती म्हातारी समुद्रापलीकडे बसलेली. साहेब जमिनीकडे बघत होते. हरचंद नाईक अजून उभेच होते. त्यांनी हात जोडले.

"आली जी," ते म्हणाले.

साहेबांनी वर पाहिलं. दुसरं नाव बायकोचं होतं. बापूराव पाटील उठले आणि म्हणाले, "आल्या जी." मग थोरली मुलगी. तिच्यासाठी तांड्यातला एक म्हातारा उठला. धाकट्या मुलीचं नाव साहेबांना एका दमात घेता आलं नाही. ती जन्मली तेव्हा ते इथे आमच्याकडे कापूस गालाला लावून बघत होते. तिला त्यांनी अजून पाहिलंसुद्धा नव्हतं. मी ते नाव म्हटलं आणि मला रडू आवरलं नाही, त्यामुळे ते नीट ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

पंगतीच्या टोकाला सखाराम अण्णा उठले. मला वाटलं, आता ही कोणती अट घालतात. त्यांनी डोक्यावरचं मुंडासं नीट केलं.

"आली जी," ते म्हणाले. "बसली माझ्यापाशी. तिला बी बुंदी वाढा."